सुभेदारांचा चपटा बॉयलर

कुपवाड, शुक्रवार दुपार

प्रिय उदयसिंह,

सप्रेम जय जिनेंद्र. (तुझ्या बाजूचा राम रामही मीच म्हणून टाकतो, कारण सध्या तू माझ्याशी बोलत नाहीस.) क्रांतीवहिनींचा खोकला थांबला का? साताऱ्याच्या वाऱ्यात सकाळी उघड्या डोक्याने फिरू नये असं माझी आई सांगते, तिचा निरोप आधी पोचवतो, नाहीतर राहून जायचा. तुझ्या शाळेच्या परीक्षा जवळ आल्या असतील. इकडे आम्ही सर्व जण मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे. मी नुसतं 'आहोत' एवढंच लिहितो.

तुझे वडील सुखरूप आहेत. हे वाक्य मी दोनदा वाचून पाहिलं, खरं आहे. आबा आमच्या कारखान्यात लेथ मशीनजवळच्या लोखंडी खुर्चीवर पाठ ताठ ठेवून बसलेले आहेत आणि मी मागच्या खोलीत, ऑक्सिजनच्या नळकांड्यांच्या आड हे पत्र लिहितो आहे. बाहेर तुमच्या गावचा आकाराम पिकअप घेऊन उभा आहे आणि मधूनमधून हॉर्न वाजवतो आहे. तू माझा फोन उचलत नाहीस. मी तुझ्या जागी असतो तर मीही उचलला नसता. म्हणून हे पत्र आकारामबरोबर देतोय, गावाला जाता जाता तो साताऱ्यात तुझ्या दारात टाकून पुढे जाईल.

तुला निम्मं माहीत आहे, पण पत्र वहिनीही वाचतील आणि निम्म्या हकिकतीने गैरसमज होतात (हे मी याच महिन्यात शिकलो), म्हणून सगळंच सांगतो. आबांनी आमच्याकडे हळद शिजवायचा वाफेचा बॉयलर करायला दिला. तुझ्याच ओळखीने दिला, त्यामुळे तुझं तोंड वाकडं होणं रास्त आहे. काहिलीत हळद शिजवायची म्हणजे डोळ्यात धूर, अंगावर वाफ आणि अर्धी हळद कच्ची, अर्धी पिठूळ. त्यापेक्षा एकदाचा बॉयलर घ्यावा असं फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाला वाटलं, यात काही चूक नाही. चूक पुढे झाली. आबांनी बॉयलरची तारीख ऐकली आणि ती खरी मानली.

माझी शनिवारची तारीख ऐकल्यावर त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे जुनी काहील भंगारात घातली. दुसरी म्हणजे शेजारच्या अर्जुनाच्या घरी स्वतः चालत गेले. बांध कोरल्यावरून तुमच्या दोन घरांत किती वर्षं बोलणं बंद होतं ते तुला मी काय सांगू, तुझ्या लग्नात त्याला पत्रिकाही नव्हती. तर आबा त्याच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, माझा बॉयलर शनिवारी शेतात येतोय, पहिली हळद तुझी शिजवू, मग माझी. अर्जुनाने चहा केला. बांध मिटला. आता उदय, काढलेली हळद उन्हात किती दिवस राहते ते तू शेतकऱ्याच्या पोटी जन्मल्यामुळे जाणतोस. म्हणजे शनिवारी बॉयलर नाही तर अर्जुनाचं पीक सडणार, आणि पिकाबरोबर आबांचा शब्दही. आणि तो शब्द आबांनी माझ्या शब्दावर टेकवून उभा केला होता.

माझा शब्द म्हणजे काय, ते इथे सांगितलं पाहिजे. आमच्या धंद्यात एक वाक्य आहे, 'फक्त कलर राहिलाय.' गिऱ्हाइकाने फोन केला की हे वाक्य म्हणायचं. पत्रा आणलेला नसेल तरी म्हणायचं. गिऱ्हाइकाचं नाव आठवत नसेल तर जास्तच जोरात म्हणायचं. हा वारसा अण्णांचा. (माझे वडील जयपाल मगदूम, कारखान्याचे संस्थापक. मुंगी चुकवण्यासाठी रस्त्यात थांबतात, मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात.) अण्णांचं तत्त्वज्ञान असं की गिऱ्हाइकाला 'नाही' म्हटलं की त्याचं मन दुखावतं, आणि मन दुखावणं ही हिंसाच. त्यामुळे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आमच्या कारखान्यात कोणाची हिंसा झालेली नाही. आमच्या दशलक्षण पर्वात उत्तम सत्याचा एक दिवस असतो. त्या दिवशी आम्ही कारखाना बंद ठेवतो. आणि पर्व संपलं की क्षमावणीला मी सगळ्या गिऱ्हाइकांना एकच संदेश पाठवतो, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असल्यास क्षमा असावी. बाकीच्यांना तो धार्मिक वाटतो.

आबांनाही मी तेच वाक्य ऐकवलं. पण बाकीची गिऱ्हाइकं 'बरं' म्हणून फोन ठेवतात, आबा म्हणाले, फोटो पाठीव. आता आली का पंचाईत! मोबाइलमध्ये मिरजेकडच्या एका शेतकऱ्याला केलेल्या बॉयलरचा फोटो होता, तांबडालाल, चकचकीत. तो पाठवला. माझ्या मनात एवढंच होतं की साधारण असा होणार आहे. आबांनी तो गावाला दाखवला, पोरांनी त्याचा फ्लेक्स करून कमानीला बांधला, आणि सगळा आनंदीआनंद चालला असताना आबांनी चष्मा पुसून फोटो पुन्हा बघितला. सीमेवर दुर्बिणीला डोळा लावून नोकरी केलेला माणूस. त्यांना बॉयलरच्या मागे आमचं ड्रिल मशीन दिसलं आणि त्या मशीनला घातलेला झेंडूचा हार दिसला, ताजा. म्हणजे खंडेनवमीची पूजा. शिमगा तोंडावर आला असताना माझ्या कारखान्यात दसरा चालू होता.

आबांनी सरळ एसटी धरली. ते पोचले तेव्हा मी दारापाशी उभा राहून फोनवर त्यांच्याशीच बोलत होतो, अहो आबा, तुमचाच बॉयलर माझ्या डोळ्यांसमोर आहे, कलरचा हात चाललाय बघा. तर फोनमधून आणि फाटकातून एकदमच आवाज आला, "कुठाय? मी बी समोरच हाय." हातात ट्रंक, खांद्यावर वळकटी. उदय, माझे पाय जमिनीला वेल्डिंग केल्यासारखे झाले. आबा आत आले. त्यांच्या बॉयलरचा पत्रा भिंतीला आडवा पडलेला होता आणि आमचा वेल्डर सिद्धू त्यावर डबा उघडून जेवत होता. आबांनी विचारलं, माझा बॉयलर ह्योच का? सिद्धूने घास गिळला आणि म्हणाला, "व्हय आबा. आत्ता जरा चपटा हाय."

मला वाटलं, आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी माफी मागितली असती, अण्णांनी सरबत मागवलं असतं, पुढची तारीख दिली असती. ते ओरडले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि म्हणाले, "ठीक हाय. शनवारपत्तोर बसतो." तेव्हापासून ते बसलेले आहेत. 

सकाळी आम्ही सगळे रांगेत उभे राहतो. (मीही, अण्णाही. अण्णांनी पहिल्या दिवशी डाव्या हाताने सलाम ठोकला.) प्रत्येकाने आज काय करणार ते एका वाक्यात सांगायचं. 'बघू', 'होऊन जाईल', 'करतोच की' हे शब्द बंद. संध्याकाळी तेच वाक्य पुन्हा म्हणायचं आणि झालं की नाही ते सांगायचं. माझा फोन टेबलावर, स्पीकर चालू. औंधच्या एका दुकानदाराचा शटरसाठी फोन आला. आबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, शटरचा पत्रा अजून आणलेला नाही. त्या बिचाऱ्याने हळूच विचारलं, घरात सगळी बरी हायत न्हवं? दुसऱ्या एकाला हेच सांगितलं तर तो हसला, म्हणाला, लय चेष्टा करता राव, म्हंजी कलरच ऱ्हायलाय म्हना की! अण्णांना हे बघवेना. दिवसभरात आपल्या मुलाने इतक्या लोकांची मनं दुखावलेली पाहून ते मंदिरात जाऊन बसले.

आबांचा मुक्काम आमच्या घरी आहे, हे तरी बरं. घरात वेळ पाळणारं एकच माणूस आहे, ती म्हणजे आई. सूर्य मावळायच्या आत जेवण, मग पंतप्रधान आले तरी ताट नाही. आबा पहिल्या दिवशी वेळेच्या आधी पाटावर हजर! आई खूश झाली. मला इतक्या वर्षांत ते जमलेलं नाही. फक्त एकदा त्यांनी विचारलं, "गुणमालाताई, कांदा जमिनीतला म्हनून चालत न्हाई, मग आमची हळद कशी चालती वो?" आई म्हणाली, वाळवून सुकवून पूड झाली की चालते. आबा घास घेता घेता म्हणाले, तेवढ्यासाठीच बॉयलर पायजे. मी मान वर केली नाही.

पत्रा गोल वाकवायचं मशीन आमच्याकडे नाही, ते पलीकडच्या गल्लीत एकाकडे आहे. तिथे पत्रा टाकला होता. मी विचारायला गेलो तर मालक म्हणाला, झालंच की श्रेयसभाऊ, निस्तं घासायचं राहिलंय. उदय, काय सांगू तुला, मला त्याचा इतका राग आला! असा सरळ तोंडावर? धंद्यातल्या माणसाशी? माझ्या मागे आबा उभे होते. त्यांनी विचारलं, पत्रा कुठं हाय, दाखीव. पत्रा मी टाकला तिथेच, तसाच चपटा पडला होता, त्यावर आता त्याच्या माणसाचा डबा होता. आबा तिथेही खुर्ची मागू लागले. संध्याकाळच्या आत पत्रा गोल झाला.

यातच अर्जुनाचा फोन आला. आबांच्या फोनवर, सगळ्यांना ऐकू येईल असा. "सुभेदार, तुमचा सबूद म्हंजी सबूद. हळद काडली बगा सगळी. ढीग लावलाय, निस्तं पाचट टाकायचं ऱ्हायलंय." आबा म्हणाले, शाब्बास गड्या. फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. त्या क्षणापासून कारखान्यात कोणी चहाला बाहेर गेलं नाही. सिद्धूने तंबाखू थुंकून टाकली. बॉयलर उभा राहू लागला, आणि आठवड्याभरात पहिल्यांदा मला वाटलं की मी फोनवर बोललो होतो ते खरं ठरतंय की काय.

आज सकाळी आकाराम बॉयलर न्यायला पिकअप घेऊन आला. आम्ही दाबाची चाचणी घेतली. म्हणजे आत पाणी भरायचं, पंपाने दाब द्यायचा आणि सांधे बघायचे. अण्णाही मंदिरातून आले. काटा वर चढत होता आणि खालच्या सांध्यातून पाण्याची बारीक चिळकांडी उडाली ती सरळ माझ्या शर्टावर. माझ्या तोंडून सवयीने निघालं, काही नाही, एक टाका मारला की झालं. आबांनी हात वर करून मला गप्प केलं आणि सिद्धूला विचारलं, "उद्या सकाळपत्तोर हुईल का? व्हय का न्हाई?" सिद्धूने पाण्याकडे बघितलं. वाफेचं काम आहे, चुकलं तर शेजारी उभ्या माणसाच्या अंगावर येतं. तो म्हणाला, "न्हाई." आमच्या कारखान्यात हा शब्द असा नुसता, एकटा, पहिल्यांदाच उच्चारला गेला. अण्णांनी कानांवर हात ठेवले. सांधा पूर्ण कापायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा दाब द्यायचा. सोमवारच्या आत नाही.

आबा रागावले नाहीत. त्यांनी सिद्धूच्या पाठीवर थाप मारली. आणि तेवढ्यात तुझ्या आईचा, मनुकाकूंचा, फोन आला. त्यांनी विचारलं, "आवं, कुटवर आलंय? अर्जुनभावजी सारकं इचारत्यात." आबांनी त्या गळक्या सांध्याकडे बघितलं. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. आणि उदय, तुझे वडील, ज्यांनी मला आठवडाभर खऱ्याच्या रांगेत उभं केलं, ते म्हणाले, "झालाय. निस्ता कलर ऱ्हायलाय." काकू म्हणाल्या, बरं. फोन बंद झाला. कोणी हसलं नाही. इतर वेळी मी हसलो असतो, पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. इतकी वर्षं तुझ्या आईला या माणसाने खोटं सांगितलं नसेल आणि ते आज माझ्यामुळे सांगितलं. मला फार वाईट वाटलं, स्वतःची लाज वाटली. ते खुर्चीवर जाऊन बसले. आईने डबा पाठवला होता, तो उघडला नाही.

असो. इकडील हकिकत ही अशी. यापुढे मी कोणालाही मोघम बोलणार नाही, जे असेल ते पहिल्या वाक्यात सांगेन, असा नियम घेतला आहे. वहिनींना नमस्कार, थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. राग सोड, निदान ढिला कर.

तुझा,
श्रेयस

ता. क. १ : मुख्य गोष्ट लिहायची राहिली. बॉयलर शनिवारी येणार नाही, सोमवारी येईल. आकाराम रिकामी गाडी घेऊन गावात शिरेल तेव्हा घबराट होईल, म्हणून तू त्याच्याच गाडीत बस आणि अर्जुनाला स्वतः सांग. आबांना ते सांगवत नाही. त्याला म्हणावं, ढीग सावलीत घे, वर ओलं पाचट टाक, जमिनीत काही उरलं असेल तर अजिबात काढू नको. (हे पत्राच्या सुरुवातीला हवं होतं, हे मला कळतं. पण सुरुवातीला खोकल्याचं आलं.)

ता. क. २ : कमानीवरचा फ्लेक्स उतरव. तो बॉयलर ज्याचा आहे त्याच्या नात्यातली मुलगी तुमच्या शेजारच्या गावात दिलेली आहे, ती ओळखेल.

ता. क. ३ : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फाडलं. आकाराम आता हॉर्नवरून हात काढत नाही, पण हे लिहिलंच पाहिजे. मनुकाकूंनी आईला फोन केला होता. बॉयलरचं नावही काढलं नाही, एवढंच विचारलं, ह्यांनी जेवान केलं का? आईने खरं ते सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग बॉयलर झाला न्हाई." आणि त्या तशाच उठून अर्जुनाच्या शेतात गेल्या, त्याला खरं काय ते सांगायला. तिथून त्यांनी पुन्हा फोन केला. उदय, अर्जुनाने हळद काढलेलीच नाही! नुसता पाला कापलाय, जमिनीतून एक गड्डा उपटलेला नाही. काकूंनी विचारलं तर तो खाली मान घालून म्हणाला, सुभेदार एवढा सबूद देत्यात, त्यांला न्हाई कसं म्हनायचं वहिनी? पर बॉयलर डोळ्यानं बगितल्याबिगर हळद कोन काडतंय?

तेव्हा ता. क. १ मधलं सगळं रद्द समज. आता विनंती अगदी उलटी आहे. आकारामच्या गाडीत माणसं भर, गावात जा आणि अर्जुनाची हळद काढायला लाग. बॉयलर सोमवारी येतो. (हे मी माझ्या मनाने लिहीत नाही, सिद्धूला विचारलं, तो 'व्हय' म्हणाला.) आबा गाडीतून उतरतील तेव्हा बांधाला ढीग दिसला पाहिजे, खरा, मातीचा वास येणारा. त्यांना यातलं काही कळता कामा नये. काकूंचंही तेच म्हणणं आहे.

आत्ताच आबांनी मला हाक मारून विचारलं, अर्जुनाकडची काय खबर? मी म्हणालो, ढीग सावलीत आहे आबा, पाचटाखाली गार आहे, सोमवारपर्यंत त्याला काही होत नाही. त्यावर ते उठले, नळावर हात धुतले आणि डबा पुढे ओढला.